मालकाचे नाव

पहाटे साडेपाचला प्रभात रस्त्याच्या गल्लीत
माझ्या हातात तीन पट्टे असतात.
एकाच्या टोकाला ऑस्कर, वजन माझ्याहून थोडंच कमी,
दुसऱ्याला कॉफी,
तिसऱ्याला पिंगळे वकिलांची म्हातारी पामेरियन, जी चालत नाही.
तिला मी उचलून फिरवतो
आणि पैसे मात्र चालवण्याचे घेतो.

खिशात कलमांच्या चिठ्ठ्या.
कुत्रं खांब हुंगेपर्यंत एक चिठ्ठी पाठ होते.
सार्वजनिक उपद्रव: आधी दोनशे अडुसष्ट, आता दोनशे सत्तर.
प्राण्याबाबत हयगय: आधी दोनशे एकोणनव्वद, आता दोनशे एक्क्याण्णव.
जुने आकडे हाकलले तरी
परत येऊन उंबऱ्यात बसतात.

सोमवारी ऑस्कर बसला तो नेमका
महापालिकेच्या गाडीसमोर.
पिशव्या संपलेल्या. त्या मालकिणीने द्यायच्या होत्या,
आणि मी मागायला लाजलो होतो.

निरीक्षक उतरले. मफलर, चष्मा कपाळावर,
पावतीपुस्तक काखेत.
"कुत्रं कुणाचं?"
मी वर बोट केलं. तिसरा मजला, पडदे ओढलेले,
एसीचं पाणी कुंडीत ठिबकत होतं.
"त्या झोपल्यात."
"परवाना?"
"त्यांच्याकडे."
"आणि पट्टा कुणाच्या हातात?"

मी म्हणालो, साहेब, ताबा वेगळा, मालकी वेगळी.
चुकलंच माझं.
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
"कुठली परीक्षा?"
"राज्यसेवा."
"कितवी खेप?"
तेवढ्यात कॉफी भुंकली, बरं झालं.
"ज्याच्या हातात पट्टा, त्याची जबाबदारी.
लिहून ठेव, येईल पेपरात."

मग त्यांनीच लिहिलं.
रकाना पहिला, मालकाचे नाव: सुगत किसन ओव्हाळ.
खाली कार्बन, त्याखाली पुन्हा मी, निळा आणि जरा पुसट.
रक्कम: माझ्या मेसचे अकरा दिवस,
रविवारची फीस्ट धरून.

चालू घडामोडींची पुरवणी होती माझ्याकडे.
आतलं पान काढलं, वाकलो, उचललं.
साहेब तोवर थांबून होते.
पामेरियन माझ्या दुसऱ्या हातावर झोपून गेली होती.

आठ वाजता दार उघडलं.
"आज उशीर झाला रे," म्हणत बाईंनी ऑस्करला आत घेतलं.
मी पावती पुढे केली.
त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली,
मागची बाजू तर कोरीच होती.
"पण ही तुझ्या नावावर आहे ना?"
आणि दार लावलं, हळूच, आवाज न करता.
त्या तशा वाईट नाहीत.
दिवाळीला पायजमा दिला होता.

भूम तालुक्यात आमचे दादा कोतवाल.
चावडीपासून हलगी वाजवत निघायचे:
ऐका हो ऐका, उद्या लस टोचायला डॉक्टर येणार,
आपापली कुत्री बांधून ठेवा हो.
दुसऱ्या दिवशी एकही कुत्रं बांधलेलं नसायचं.
"आमचं न्हाई बाबा, ते असंच येतं."
भाकरी चार घरची, नाव एकाचंही नाही.
डॉक्टर पेन उघडून ताटकळलेले,
मालकाच्या रकान्याशिवाय सुई बाहेर निघेना.
मी सहावीत होतो, बादलीत बर्फ घेऊन उभा.
दादा खाकरले आणि म्हणाले, लिवा.
किसन ओव्हाळ.
त्याखाली किसन ओव्हाळ.
त्याखाली पुन्हा तेच, सतरा वेळा,
गावातली सगळी कुत्री एका ओळीखाली एक
आमच्या घरात आली.

रात्री अभ्यासिकेच्या जिन्यात बसून मी फोन लावला.
दंडाचं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो,
दादा, आज सरकारी कागदावर
माझ्या नावानं एक कुत्रं लागलं.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
"एकच?"